दोन बहिणींचा पाठ

रविवारच्या वाचनाची यादी आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर आली तेव्हा मी ऑफिसात होते. आमचं शहर हिंदी मुलखातलं, त्यामुळे एरवी उपासना हिंदीत होते, महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी तेवढी मराठीत. छापील मराठी न अडखळता वाचणारे आता सात-आठ जणच उरलो आहोत, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी माझं नाव येतंच. नावासमोरचा पाठ बघितला आणि मी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

बायबलच्या शुभवर्तमानातला तो पाठ पाच ओळींचा आहे. प्रभू दोन बहिणींच्या घरी येतात. धाकटी त्यांच्या पायाशी बसून ऐकत राहते, मोठी स्वयंपाकात राबते. शेवटी मोठीला राहवत नाही आणि ती बाहेर येऊन म्हणते, हिला सांगा ना मला हातभार लावायला. प्रभू तिचं नाव दोनदा घेतात. म्हणतात, तू फार गोष्टींची काळजी करतेस. हिनं निवडलं ते चांगलं आहे.

पाठ वर्षाच्या ठरलेल्या क्रमानं येतात, पाळकसाहेबांनी तो मुद्दाम मला दिला नव्हता, हे मला माहीत होतं. पण चार महिन्यांपासून आमच्या घमापूर मोहल्ल्यातल्या घरात तीच गोष्ट चालू होती.

बाबांची फुप्फुसं कामातून गेली होती. दिवसभर ऑक्सिजनचं मशीन लागायचं. मी लग्न केलं नाही. रेल्वेच्या ऑफिसात कारकून आहे आणि बाबांजवळच राहते. ते आजारी पडल्यावर माझी धाकटी बहीण नागपूरहून आठ दिवसांसाठी म्हणून आली. यजमान गेल्यापासून ती एकटीच होती, मग इथंच थांबली. मी पहाटे उठून डबा, बाबांची पेज, औषधं, वाफ, अंग पुसणं सगळं उरकून ऑफिस गाठायचे आणि परत येऊन पुन्हा तेच. धाकटी बाबांच्या पलंगाशी बसलेली असायची. त्यांचे पाय दाबायची, जुनी गीतं म्हणायची, त्यांचं तुटक बोलणं ऐकायची. बाबा तिच्याशी बोलताना हसत. माझ्याशी बोलताना गोळ्यांची वेळ विचारत.

बाबांनी आमच्या चर्चमध्ये तीसेक वर्षं शास्त्रपाठ वाचला. मला त्यांनीच शिकवलं. पुस्तकाच्या स्टँडपाशी गेल्याबरोबर तोंड उघडायचं नाही, बाकांची करकर थांबेपर्यंत उभं राहायचं. श्वास कुठं घ्यायचा तिथं पेन्सिलीची बारीक रेघ मारायची. मान वर करायची ती वाक्य संपल्यावर, आणि कुणा एकाकडे बघायचं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात हळू आवाजात सराव करत होते. बाबांनी ऐकलं.

"इकडे येऊन वाच," त्यांनी हाक मारली.

मी पुस्तक घेऊन दारात उभी राहिले. धाकटी नेहमीच्या जागी, त्यांच्या पायाशी. तिनं ग्रुपवरची यादी बघितली असणार, कारण ती लगेच उठली.

"मी बाहेर जाते, तुम्ही वाचा."

"बस," बाबा म्हणाले.

ती बसली. मी वाचायला लागले. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. मोठ्या बहिणीची तक्रार आली तसा माझा आवाज चढला. मला ऐकू येत होतं, पण थांबवता येत नव्हतं. धाकटी चादरीकडे बघत होती.

"पुन्हा," बाबा म्हणाले.

पुन्हा वाचलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर करून मध्येच थांबवलं.

"तू वाचून नाही राहिली. तू... भांडून राहिली." दोन शब्दांमागे एक श्वास, असं त्यांचं बोलणं झालं होतं. "त्या बाईचं... तिला म्हणू दे. तू मधात येऊ नको."

"मग ते नाव दोनदा घेतलंय ते कसं म्हणू? रागावून का मायेनं?"

बाबांनी नाकातली नळी सरळ केली.

"मी हा पाठ... तीनदा वाचला चर्चमध्ये. एकदा रागावून वाचला. तुझी आई घरी येऊन... दोन दिवस बोलली नाही."

"मग कसा वाचायचा?"

"मलाही कळलं नाही अजून," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

मी भाजी चिरायला गेले. थोड्या वेळानं धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"ताई, उद्या माझ्याकडे बघून वाचणार का तू?"

"काहून? बघण्यासारखं काही केलं का?"

"चार महिन्यांत तू मला एक काम सांगितलं नाही."

"घरच्या माणसाला काम सांगावं लागते का?"

"मी भांडी घासली तर तू ती पुन्हा घासते. बाबांना पेज दिली तर पातळ झाली म्हणून ओतून देते. मी कुठं हात लावू ते तरी सांग."

मी सुरी चालवत राहिले. ती म्हणत होती ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. ती थोडा वेळ वाट बघून निघून गेली.

रविवारी सकाळी बाबा म्हणाले, मला चर्चला यायचं आहे. मी नाही म्हटलं. लहान सिलिंडरवर तासभर बाहेर काढायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि जिना इतका अरुंद आहे की समोरून कुणी आलं तर भिंतीला चिकटावं लागतं. बाबांनी वाद घातला नाही. स्वतःच सदऱ्याची बटणं लावायला लागले. एक बटण लावायचे, थांबायचे, मग दुसरं. धाकटीनं माझ्याकडे बघितलं आणि प्लास्टिकची खुर्ची आणायला गेली.

ऑटोवाल्याला वर बोलावलं. "भैया, ज़रा हाथ लगाइए, धीरे से." तो पुढून, मी मागून, आणि धाकटी सिलिंडर छातीशी धरून, भिंतीला अंग घासत बाजूनं. वळणावर माझा घामेजलेला हात सुटला आणि खुर्ची एका अंगावर कलली. धाकटीनं सिलिंडर सोडला नाही; पटकन खाली वाकून खुर्चीखाली गुडघा घातला आणि सगळा भार त्यावर घेतला. मी पुन्हा पकड घेतली. खाली आल्यावर बघितलं तर तिच्या सलवारीला गुडघ्यापाशी रक्त लागलं होतं. मी विचारलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पहिलं गीत संपत आलं होतं. धाकटी बाबांना घेऊन शेवटच्या बाकापाशी, दाराजवळ थांबली. मी पुढे गेले. माझ्या आधीच्या वाचकानं पानं उलटली होती आणि खूण सरकली होती. सगळी मंडळी बघत असताना मी पान शोधत होते आणि बोटं ओलसर होऊन पानांना चिकटत होती. पान सापडलं. बाकांची करकर थांबली. मी सुरुवात केली.

दोन ओळी झाल्यावर मान वर केली, तेव्हा नको होतं तेच झालं. नजर थेट धाकटीवर गेली. कुणी हात उगारल्यावर माणूस बघतं तशी ती माझ्याकडे बघत होती. मी खाली बघितलं आणि तक्रारीची ओळ वाचली. राग आला नाही. ओळ थकल्यासारखी निघाली, एका सुरात, जशीच्या तशी.

तेवढ्यात मागून बाबांचा खोकला ऐकू आला.

तो खोकला मला माहीत होता. तो सुरू झाला की ओठ निळे पडायला लागत. माझं बोट ओळीवर होतं, पुढचा शब्द त्या बहिणीचं नाव होता, आणि तो मला म्हणता येईना. लोक मागे वळून बघायला लागले. पाळकसाहेब अर्धवट उठले. मी स्टँड सोडून धावणार, एवढ्यात धाकटीचे हात दिसले. तिनं बाबांना पुढे वाकवलं, दोन खांद्यांच्या मधोमध तळवा ठेवला, दुसऱ्या हातानं सिलिंडरची किल्ली थोडी फिरवली आणि नाकातली नळी सरळ केली. मी करते तसंच सगळं, त्याच क्रमानं. मी तिला कधी शिकवलं नव्हतं. चार महिने बसल्या बसल्या ती बघत होती.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. खोकला उतरला. बाबांनी मान वर न करता एक बोट उचललं आणि पुढे हलवलं. वाच, म्हणाले ते.

मी ते नाव घेतलं. त्यात राग नव्हता आणि मायाही ठरवून आणलेली नव्हती. अंधारात घरात शिरल्यावर माणूस आत कुणी आहे का म्हणून हाक मारतं, तसं ते निघालं. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा आवाज जवळपास राहिलाच नव्हता. उरलेल्या दोन ओळी कशाबशा संपवल्या आणि सरळ मागे जाऊन त्यांच्या बाकावर बसले.

उपासना झाल्यावर एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "दीदी, आपने बीच में जो रुककर पढ़ा ना, मेरे तो रोंगटे खड़े हो गए." परतताना ऑटोत बाबा म्हणाले, "शेवटचे शब्द... खाल्ले तू." त्यावर धाकटी हसली. मी हसले नाही.

घरी आल्यावर मी कापूस आणि औषध आणून तिच्यासमोर ठेवलं. तिनं गुडघा पुसला. मग मी तिला मशीनची हवा गाळायची जाळी कशी धुवायची ते सांगितलं. तिनं ती जाळी ओलीच बसवली. मला फार कठीण गेलं, पण मी म्हटलं, "थोडी वाळू दे, मग लाव."

त्यानंतर आमचं गोडीगुलाबीनं चाललं असं नाही. पेज किती पातळ हवी यावरून आम्ही भांडायचो. पण ऑफिसातून आल्यावर मी पाऊण तास बाबांच्या पलंगाशी बसायला लागले. सुरुवातीला काय बोलावं ते सुचायचं नाही. नुसती बसायचे.

बाबा पुन्हा चर्चला येऊ शकले नाहीत. ते गेले तेव्हा अंत्यविधीला पाठ कुणी वाचायचा यावरून आमचं परत वाजलं. पाळकसाहेबांनी मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. धाकटी म्हणाली, मला वाचायचा आहे. मी म्हटलं, तुला सवय नाही, घाई करशील. ती म्हणाली, करू दे. शेवटी पुस्तक मी तिच्या हातात दिलं आणि श्वासाच्या रेघा कुठं मारल्या आहेत ते दाखवलं.

तिनं घाईतच वाचला. दोन ठिकाणी अडखळली. मी पुढच्या बाकावर बसून ऐकला आणि घरी आल्यावर तिला त्यातलं काही बोलले नाही.