काळी दोनचे आबा

धुळ्याला एका कारागिराचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. टेबलावर पेचकसांच्या गर्दीत एक जुनी बाजाची पेटी असते. टेप बिघडला की हा आधी तिची पट्टी दाबून ऐकतो, मग पेचकस उचलतो.

आईला घेऊन मी तिथं गेलो. सोबत आमचा टेप आणि आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एकुलती कॅसेट. गावच्या संगीत नाटकातलं त्यांचं पद. पद लग्नघरातलं, पण आबांचा आवाज असा जड, की ते गेल्यापासून आम्ही ऐकून डोळेच पुसायचो.

कॅसेट लावून त्यानं पेटीच्या पट्ट्या दाबून पाहिल्या आणि दोन ओळींत कपाळाला हात लावला. "साथनी पेटी दोन पट्ट्यासना मधमा वाजी राहिनी. अशी पेटी जगमा नही शे, भाऊ. तुमना टेप मंद शे."

तो मोटरचा स्क्रू फिरवू लागला. पेटीवरचा हात मात्र त्यानं काढला आणि आईच्या तोंडाकडं बघत राहिला. पद चढलं, उड्या मारू लागलं.

"थांबा!" आई ओरडली.

त्यानं पट्टी दाबून पाहिली. साथ आता बरोब्बर काळी दोन पट्टीत.

"हे असेच पळायचे," आई हसत सुटली, "पुढं पंगत असायची ना!"

स्क्रू पुन्हा हलू नये म्हणून त्यानं त्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडला. "आते आबा सारा जनम खुशीमा."