बिनबुडाचं ओगराळं

तोकिएचा नवरा सोकिची म्हणजे शब्दांचा महाकंजूस. आयुष्यभर दोघांनी एकाच होडीतून मासेमारी केली, पण त्याचं मागणं कधी दोन शब्दांपुढे गेलं नाही. "दोर दे." "चहा ओत." 'जरा देतेस का' हे त्यानं परक्या बायकांसाठी राखून ठेवलं होतं. तोकिए कुरकुरायची आणि तो बोलायच्या आत वस्तू त्याच्या हातात ठेवायची. तीन वर्षांपूर्वी तो एकटाच मासेमारीला गेला आणि समुद्रानं त्याला ठेवून घेतलं. प्रेतसुद्धा मिळालं नाही.

ओबोनच्या सणाला घरी आलेले पितर ज्या दिवशी परत जातात, त्या दिवशी बेटावर कोणी होडी काढत नाही. बुडालेली माणसं त्या दिवशी होडी धरतात आणि पाणी उपसायचं ओगराळं मागतात. दिलं, तर त्यानंच पाणी ओतून होडी बुडवतात. नाही दिलं, तर होडी सोडत नाहीत. म्हणून इथल्या प्रत्येक होडीत त्यांना द्यायला एक बिनबुडाचं ओगराळंही असतं.

यंदा त्याच दिवशी, भर दुपारी, तोकिएनं होडी लोटली. तिला त्याचा आवाज एकदा ऐकायचा होता.

"तोकिए, येताना बसायला जागा उरायची नाही," शेजारचा गेम्पाची म्हातारा धक्क्यावरून म्हणाला.

"आलेच कोणी, तर वल्हवायला लावीन."

खडकापलीकडे धुकं उतरलं. वल्हं जड झालं. पाण्यातून पांढरे हात वर आले आणि होडीच्या कडेला चिकटले.

"ताई, जरा ओगराळं देता का हो?"

सगळे आवाज अदबीचे, सगळे एकाच सुरातले. ती एकेक आवाज निवडत राहिली.

मग अगदी जवळून, "ओगराळं दे."

तोकिएला रडू फुटलं. हात सवयीनं चांगल्या ओगराळ्याकडे गेला. त्याला तिनं कधी फुटकी वस्तू दिली नव्हती. शिवाय घरी परतून करायचं तरी काय, हेही मनात होतंच. तिनं ते पुढे केलं.

पाण्यातला हात थांबला.

"ते नको. बिनबुडाचं दे."

तिनं ते दिलं. "घे. आता तरी 'देतेस का' म्हण."

वल्हं हलकं झालं. धक्का येईपर्यंत तिच्या पाठीमागे कोणीतरी पाणी ओतत होतं, काम अंगावर घेतलेल्या माणसासारखं, न थांबता. होडीत मात्र थेंबही पडला नाही.