परीक्षेचा फोन

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून जेवढे मोबाईल असतील, त्या सगळ्यांची काळजी एकट्याच्या डोक्यावर घेऊन हिंडणारा माणूस म्हणजे आमचे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या आक्कांचे, यजमान. राहायला दौंडला. सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात तारा तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसानं देवदेव करावा, नातवंडं खेळवावीत, तर यांनी दुनियेच्या तारा तपासायला घेतल्या. मोबाईल कसा वापरावा, आणि त्याहीपेक्षा कसा वापरू नये, हे ते दिसेल त्याला सांगत आणि बदल्यात चहासुद्धा घेत नसत. खांद्याला एक जाड खाकी पिशवी. तिच्यात चार जातींचे चार्जर, दोन पॉवर बँक, चिमटा, टॉर्च आणि कागदाचे कातरलेले तुकडे, का, तर "बॅटरी मरती, कागद मरत न्हाई." या पिशवीला ते दवाखाना म्हणत. लग्नाच्या पंगतीतही दवाखाना मांडीशी असायचा. माझ्या पुतण्याच्या लग्नात नवरदेव पाया पडायला वाकला, तर आशीर्वाद द्यायच्या आधी यांनी विचारलं, "जुन्या फोनमधलं सगळं फोटो नव्यात उतरवून घेतलं का? मागचं काय सुद्धा जाता कामा नये." नवरीनं नवरदेवाकडं असं काही पाहिलं, की बिचाऱ्याला पुढचे दोन घास गिळवले नाहीत.

दौंड स्टेशन हे त्यांचं सकाळचं कार्यक्षेत्र. प्लॅटफॉर्म तिकीट काढून ते बाकावर बसत आणि प्रवाशांवर नजर ठेवत. कुणी भिंतीवरच्या प्लगला लटकलेल्या परक्या वायरला फोन लावला, की उठलेच. "काढा ती. दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवता का?" कुणाचा फोन पाण्यात पडला आणि त्यानं तांदळात पुरायची भाषा केली, तर म्हणत, "तांदूळ बी जाईल आन् फोन बी. बंद करून वाऱ्याला ठेवा." तिकिटाचा फोटो काढून ठेवा, गाडी नंबर कागदावर लिहा, आणि घरातल्या एका तरी माणसाचा नंबर तोंडपाठ करा, हा त्यांचा प्रवाशांसाठीचा मंत्र. पाठ करा म्हणून सोडून देतील तर ते साडू कसले. एकदा सोलापूरकडच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी सुनेचा नंबर घोकायला लावला, तेवढ्यात गाडी सुटली. म्हातारा खिडकीत, साडू प्लॅटफॉर्मवर गाडीबरोबर पळतायत आणि ओरडतायत, "शेवटचं चार आकडं म्हणा, आबा! शेवटचं चार!" प्लॅटफॉर्म संपता संपता म्हाताऱ्यानं ते म्हटले, आणि आमचे साडू धापा टाकत, पण पोरगा बोर्डात आल्यासारख्या चेहऱ्यानं परत फिरले.

बाजारच्या दिवशी मात्र ते एसटीनं शिरूरला यायचे आणि माझ्या स्टेशनरीच्या दुकानात ठाण मांडायचे. दुकान माझं, गिऱ्हाइकं त्यांची. भाजीवाले, झेरॉक्सवाले, केंदूरहून अंडी घेऊन येणारे, मांडवगण फराट्याचे उसाची रोपं विकणारे, असे सगळे छोटे धंदेवाले त्यांच्यापुढं फोन धरून रांगेत उभे. पैसे घेण्याच्या कोडाचं स्टिकर रोज सकाळी नखानं तपासायचं, वर कुणी दुसरं चिकटवलं नाही ना, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं. एका वडापाववाल्याचं स्टिकर तपासताना त्यांनी इतक्या निष्ठेनं खरवडलं, की खरंच स्टिकर फाटलं, आणि त्या दिवशी त्याला सगळा धंदा सुट्ट्या पैशांवर करावा लागला. पासवर्डाबाबत त्यांचा सिद्धांत असा, की बायकोचं नाव कधी घालू नये, चोर सगळ्यात आधी तेच घालून बघतो. मग काय घालावं? "मेव्हणीचं घाला. चोराला काय म्हाईत तुमाला मेव्हणी हाय!" हे ते भर दुकानात बोलले आणि मागं त्यांची सख्खी मेव्हणी, म्हणजे माझी बायको, चहाचा कप घेऊन उभी होती. त्या दिवसापासून ती त्यांच्या चहात साखर जरा जास्त घालू लागली आणि साडूंनी त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलला.

पण त्यांचा सगळ्यात मोठा नाद म्हणजे परीक्षा. शिकवून झालं की आठ-पंधरा दिवसांनी, शिष्य गाफील असताना, कुणाचा तरी फोन मागून घ्यायचा आणि आवाज बदलून त्याला फोन करायचा. कधी बँकेचा साहेब, कधी वीज तोडणारा, कधी लॉटरीवाला. हिंदी दौंडचं, पण जोर असा, की समोरचा उभा राहून बोलायचा. "हम हेड ऑफिससे बोलता हाय, तुम्हारा खाता बंद व्हनार हाय." शिष्य फसला, की पुढच्या बाजारी सगळ्यांदेखत त्याची हजेरी. चोर लोक अलीकडं नातेवाइकाचा अपघात झाल्याची थाप मारतात, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं, तेव्हा तीही थाप त्यांच्या परीक्षेत आली. "आपका आदमी हॉस्पिटलमें हाय," असं म्हणून त्यांनी अर्धं शिरूर रडवलं. मी एकदा म्हणालो, "पाव्हणं, हे जरा अति होतंय." ते म्हणाले, "आज माझ्या फोनवर रडलं, तर उद्या चोराच्या फोनवर रडणार न्हाईत."

या परीक्षेत कधीही नापास न झालेली एकच शिष्या होती, सुनंदा. माझ्या दुकानाच्या मागच्या आळीत तिचं मिरची-मसाला कांडप आहे. नवरा विलास, तो मसाल्याची पाकिटं मोटरसायकलवर लादून पाबळ-केंदूरकडच्या दुकानांना पोचवायचा. दोघंही साडूंना मामा म्हणत. सुनंदाची हुशारी अशी, की साडूंचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हसायची. "मामा, वळखलं. ठेवते हां, गिरण चालू हाय." साडू नापास झाल्यासारखे खट्टू व्हायचे आणि लगेच दहा जणांना तिचं कौतुक सांगायचे. तिला फसवायचंच, असा त्यांनी पण केला होता. नवे आवाज शोधत होते.

उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास केंदूरच्या अलीकडं विलासच्या मोटरसायकलला एका वाहनानं मागून उडवलं आणि ते थांबलंसुद्धा नाही. मागून एक पिकअप येत होता. त्यात कोंबड्यांच्या शेडचे पत्रे आणि ते बसवणारा सुरेंद्र नावाचा बिहारी कामगार. त्यानं आणि ड्रायव्हरनं विलासला उचलून पत्र्यांवर निजवलं आणि गाडी दवाखान्याकडं वळवली. विलास शुद्धीवर होता. त्याचा फोन फुटला होता. पण बायकोचा नंबर त्याला तोंडपाठ होता. मामांनीच घोकून घेतला होता. तो एक एक आकडा सांगत गेला आणि सुरेंद्रनं आपल्या फोनवरून लावला.

सुनंदानं तो उचलला. परका नंबर, हिंदी आवाज, मागं गाडीची घरघर. "दीदी, आपके आदमी का एक्सीडेंट हुआ है." ती हसली. "मामा, आज आवाज भारी काढला, पर वळखलं." आणि ठेवून दिला. पुन्हा आला तेव्हा उचलला नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा मामांनी दाखवल्याप्रमाणं तो नंबर बंद करून टाकला.

हे मला तिच्याच तोंडून कळलं. विलासच्या पिशवीतल्या पाकिटांची लेबलं मी छापतो, त्यावर खाली बारीक अक्षरात माझ्या दुकानाचा नंबर असतो. तो वाचून दवाखान्यातून मला फोन आला. मी कांडपावर पोचलो तर ती ओढणीनं नाक बांधून यंत्रात मिरच्या घालत होती. मला बघून डोळ्यांनीच हसली. "भाऊ, तुमच्या साडूंना सांगा, आज तर त्यांनी अगदी बिहारी माणूस उभा केला." मी काय बोललो ते मला आठवत नाही. यंत्राचं बटण मी बंद केलं एवढं आठवतं, आणि त्यानंतरची शांतता.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आतून फार लागलं होतं, तुम्ही वेळेवर आला असता तरी हाती काही नव्हतं. मग, न विचारता, म्हणाले, अर्धा तास बोलत होते पण.

साडू संध्याकाळच्या एसटीनं आले. विलास गेला एवढंच त्यांना ठाऊक होतं. दारात चप्पल काढायला वाकले, तेवढ्यात आतून सुनंदा म्हणाली, "मामा, मला वाटलं तुमीच हाय." आवाजात राग नव्हता. कुणाला तरी घडलेलं सांगावं तसं तिनं सांगितलं. सगळं, पहिल्या फोनपासून. साडू एक पाय चपलेत आणि एक बाहेर असे उभे राहिले. शेवटी मीच त्यांच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली. तिचं वजन एवढं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर ते स्टेशनावर गेले नाहीत. बाजारालाही आले नाहीत. आक्का सांगायच्या, जेवतात, अंघोळ करतात, पण बोलत नाहीत. दशक्रियेच्या दिवशी मात्र ते आले आणि सुनंदाला म्हणाले, "बाई, तो नंबर दे." त्यांनी लावून पाहिला, फोन बंद. पोलिसांच्या चौकशीला भिऊन त्या कामगारानं तो बंद करून टाकला होता. दवाखान्याच्या वहीत त्याचं नाव आणि काम एवढंच लिहिलेलं होतं. तेवढ्यावर साडू त्याला शोधायला निघाले. ज्या माणसानं आयुष्यात अनोळखी माणसाशी बोलू नका हेच शिकवलं, तो आता टपरीटपरीवर अनोळखी माणसांना विचारत हिंडू लागला, "पत्रे बसवणारा सुरेंद्र कुठं सापडंल?" केंदूर झालं, पाबळ झालं. उन्हात एसटीनं, कुणाच्या मागं बसून, कधी पायी. मी दोनदा बरोबर गेलो. दुसऱ्या खेपेला मांडवगण फराट्याला एका नव्या शेडच्या छपरावर तो दिसला. खालून कुणी नाव घेतल्याबरोबर तो वरच बसून राहिला. उतरेचना.

साडूंनी खालून हात जोडले. "पुलिस न्हाई भाई. हम... हम वो फोनवाला हाय. वो बाई तुमको हम समझी." त्यांचं ते हिंदी ऐकून मला इतकी वर्षं हसू यायचं. "आव ना नीचे. उसको सिर्फ सुनना हाय, उसका आदमी क्या बोला." वरचा माणूस बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिला. मग हळूहळू शिडीवरून उतरला.

सुनंदाच्या घरात तो जमिनीवर, भिंतीला टेकून बसला. चहा त्यानं हातातच धरून ठेवला. म्हणाला, तीन वेळा फोन लावला, दोन वेळा भैयाच्या कानाशी धरला. भैया म्हणत होते, उचलेल, कामात असेल.

"आन् काय म्हणले?" सुनंदानं विचारलं.

त्याला मराठी समजत होतं. जरा ओशाळून तो म्हणाला, "एक ही बात बार-बार बोलते थे, दीदी. आसमान की तरफ देखके. बोले, उसको बोलो बादल आ रहा है, छत पे मिर्ची पड़ी है, उठा ले."

"अजून?"

"बस, यही."

आम्हां तिघांनाही वाटलं, आता ही कोसळेल. ती ताठ बसली होती. मग समोर कुणी उभं असावं तसं तिकडं बघून म्हणाली, "उचलली होती. थेंब पडायच्या आत सगळी उचलली होती मी." आणि तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ती रडली. साडू उठून बाहेर गेले आणि जिन्याच्या पायरीवर भिंतीकडं तोंड करून बसले.

आता ते आठवड्यातून तीन दिवस शिरूरला येतात, पण माझ्या दुकानात नाही. थेट कांडपावर जातात आणि कोपऱ्यात बसून पाकिटं भरतात. तिनं बोलावलं नव्हतं, यांनी विचारलं नव्हतं. पहिले कित्येक दिवस दोघं एकमेकांशी बोललेसुद्धा नाहीत. मी एकदा सुनंदाला हळूच म्हटलं, तुला त्रास होत असेल तर मी सांगतो त्यांना. ती म्हणाली, "बसू द्या. त्यांना तरी कुठं जायचंय?" दिवसभर शिंकत, डोळे पुसत ते बसतात. सिग्नलच्या बारीक तारा जोडलेली ती बोटं मिरचीनं सुजतात, आणि घरी गेल्यावर आक्कांनी तेल लावू म्हटलं तर हात मागं घेतात. आग व्हायलाच पाहिजे, असं काहीतरी त्यांच्या मनात आहे.

परवा मी नवीन लेबलं द्यायला गेलो होतो. यंत्र बंद होतं, संध्याकाळ झाली होती. साडू शेवटचं पाकीट बांधून उठायच्या बेतात होते. सुनंदानं फडताळातून खोबरेलाची बाटली काढली आणि त्यांच्यासमोर बसली. "मामा," ती म्हणाली, "हात पुढं करा."

ते तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी सावकाश, एखाद्या लहान मुलासारखे, दोन्ही हात पुढं केले.