भारंगीचं पाणी

चूक माझी होती. साताऱ्याच्या मंडईत, भरल्या गिऱ्हाइकात, मी एका बाईला फसवी म्हणालो.

पावसाळ्यात ती मावशी जावळीच्या डोंगरातून रानभाज्या घेऊन यायची. भारंगीची जुडी देताना म्हणाली होती, "आवं, उकडून पाणी पिळून टाका. न्हाईतर लय कडू लागंल." मी मान हलवली. पण मी कडेगावकडचा, ऊसवाल्या घरातला. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी, येळवणी, आमच्यात कुणी मोरीत ओतत नाही. त्याची आमटी होते. वर प्रत्येक भाजीत गुळाचा खडा. भारंगीचं पाणीही मी तसंच राखलं, गूळ टाकला, आणि पहिलाच घास थुंकला.

दुसऱ्या दिवशी ती भाजी डब्यात घेऊन मंडईत गेलो. "हे माणसांनी खायचं? फसवता लोकांना?" दोन बायका हातातल्या जुड्या ठेवून निघून गेल्या. मावशीनं डब्यात बघितलं. "पाणी हाय की ह्यात," एवढंच म्हणाली. त्याचा अर्थ विचारायला मी थांबलो नाही. पुढच्या आठवड्यात तिची जागा रिकामी होती.

महिन्याभरानं ऑफिसात पाटणकडच्या सोबत्यानं डबा उघडला. हरभऱ्याची डाळ घातलेली सुकी भाजी, जराशी कडसर, पुन्हा हात जाईल अशी. भारंगी आहे म्हणाला. मी माझी हकिगत सांगितली तर हसत सुटला. "पाणी टाकलं न्हाईस व्हय? गड्या, तू काढा प्यालास."

तेव्हापासून आमच्या घरी भारंगी होते. थोरला भाऊ फोनवर विचारतो, "शेरडं संपली का रं साताऱ्यातली, तू पाला खायला लागलास?" खातो. तो आला की त्याच्याही ताटात वाढणार, आणि गूळ घालणार नाही. आपल्याला लहानपणी जे वाढलं, तेवढंच आपण पिशवीत घालतो आणि बाकीचं रान पाटीतच सुकू देतो. वर म्हणतो, भाजीत दोष आहे. मी म्हणालोच की. आता शेजारी कुणी तोंड वाकडं केलं, तर मी शिजवायची रीत सांगतो. नको असली तरी सांगतो.

मावशी मात्र मंडईत आली नाही. यंदा श्रावणात ती एसटी स्टँडच्या भिंतीशी बसलेली दिसली. तिनं मला लगेच ओळखलं.

"आज बी डबा आणलाय का?"

आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. मला हळू बोलून सुटता आलं असतं. पण मंडईत मी हळू बोललो नव्हतो. तेवढाच आवाज लावला.

"मावशी, तुमची भाजी चांगली होती. पाणी पिळून टाकायला तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही आणि वर तुम्हाला फसवी म्हणालो. चुकलो मी. माफ करा."