मालनबाईंचा गडू

काशीला जाऊन आलेल्या माणसाच्या पाया पडायची आपल्याकडे रीत आहे. मालनबाई काशीहून परतल्या तेव्हा मी कणीक तशीच सोडून त्यांच्यापुढे वाकले, तर त्या मागे सरकल्या. "आत्ताच नको ताई. मावंदं व्हायचंय अजून," म्हणाल्या. आणलेल्या गंगेची पूजा करायची, लोकांना जेवू घालायचं, मग यात्रा पुरी होते, हे मलाही ठाऊक होतं. ते मावंदं कुणाच्या सोयीनं होणार, हे मात्र दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मालनबाई परभणीकडच्या. नवरा वैजनाथ गवंडीकामाला पुण्याजवळ खराडीत आला, त्याच्यामागे त्याही आल्या. तेव्हा इथे ज्वारीच्या शेतांत एकेक काचेची इमारत उभी राहत होती. त्यातल्या कित्येकींना वैजनाथचे हात लागले, आणि एकीच्या परांचीवरून पडून तो कंबरेखाली अधू झाला. ठेकेदार त्याला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडायला आला, तेवढंच त्याचं दर्शन. तेव्हापासून मालनबाई आमच्या सोसायटीत घरोघर पोळ्या लाटतात. नवऱ्याला उचलणं, पुसणं, भरवणं हे सगळं त्या कपाळाला आठी न घालता करायच्या. आठ्या घालायचं काम माझ्याकडे.

वैजनाथचं मागणं एकच होतं. मरताना तोंडात काशीची गंगा पडावी. जन्मभर सिमेंट गिळलं, जाताना तरी घसा धुऊन जाऊ दे, असं तो म्हणायचा. मी मालनबाईंना म्हटलं, हल्ली पोस्टातसुद्धा गंगाजलाची बाटली मिळते, मागवून देते. त्यांना ते पटलं नाही. विकतची गंगा त्यांना नको होती.

आणि मग भाऊ धावून आले. भाऊ म्हणजे पृथ्वीराज. आमची सोसायटी त्यांच्या वडिलांच्या, आप्पासाहेबांच्या शेतावर उभी आहे. शेत विकून भाऊंनी टँकर घेतले, आणि ज्यांना घरं विकली गेली त्यांनाच आता ते पाणी विकतात. महापालिकेची निवडणूक तोंडावर आली तशी चौकाचौकांतल्या फलकांवर भाऊ 'भावी नगरसेवक' म्हणून हात जोडून उभे राहिले. प्रभागातल्या बायकांना काशीयात्रा फुकट. मालनबाईंनी नवऱ्याला शेजारच्या शकूच्या हवाली केलं आणि गाडीत बसल्या.

काशीत त्यांनी काय पाहिलं ते मला तव्यापाशीच कळलं. सगळ्या बायकांना एकाच रंगाच्या साड्या नेसवल्या होत्या. घाटावर भाऊंचा फलक धरून फोटो काढताना इतका वेळ गेला, की देवळातल्या रांगेत पुढे रेटून विश्वनाथापुढून क्षणात बाहेर काढलं. नमस्काराला हात जोडायचे राहूनच गेले. पण गंगेत त्या कमरेइतक्या उतरल्या. नवऱ्याचं नाव घेऊन तांब्याचा गडू स्वतः भरला, गल्लीतल्या कारागिराकडून त्याचं तोंड डाख देऊन बंद करून घेतलं, आणि ओळखू यावा म्हणून गळ्याशी वैजनाथच्या जुन्या धोतराची चिंधी बांधली. हे सांगताना त्यांची पोळी करपली.

पुणे स्टेशनावर उतरताच भाऊंच्या माणसांनी सगळ्यांचे गडू गोळा केले. सामुदायिक मावंदं आठवड्याभरात, मांडव घालून, पंगती उठवून करायचं होतं. मावंद्याआधी गडू फोडायचा नसतो, हे मालनबाई लहानपणापासून ऐकत आलेल्या. त्यांनी बिनघोर गडू दिला. पदरचं न मोडता मावंदं होतंय, याचा त्यांना आनंदच झाला होता.

आठवडा उलटला नाही तोच निवडणुकाच लांबल्या. प्रकरण कोर्टात गेलं, तारखांवर तारखा पडू लागल्या. मतं नाहीत तर मांडव कशाला? गडू भाऊंच्या संपर्क कार्यालयाच्या कपाटात राहिले. त्या काळात आप्पासाहेब वारले, त्यांच्या फोटोचे फलक लागले. आप्पासाहेबांच्या फोटोपेक्षा भाऊंचा मोठा.

दुसऱ्या वर्षी वैजनाथनं अन्न सोडलं. मालनबाई कामं टाकून संपर्क कार्यालयात धावल्या. भाऊ स्वतः भेटले, पाणी विचारलं, आणि समजावून सांगितलं, की मावंद्याआधी गडू फोडणं शास्त्रात बसत नाही, यात्रेचं पुण्य जाईल. आणि मालनबाई हे ऐकून परत आल्या. मी इतकी चिडले की त्यांच्यावरच ओरडले. तुमचा गडू आहे, कपाट फोडा, म्हटलं. त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्याच पुण्याला बाधा आली तर काय करू, ताई?"

पोस्टातली ती गंगाजलाची बाटली मी मागवली, पण ती यायच्या आत, भर दुपारी, वैजनाथ गेला. मालनबाईंनी तुळशीचं पान ठेवून त्याच्या तोंडात पाणी घातलं. घरात होतं ते. टँकरचं.

अखेर निवडणूक जाहीर झाली. प्रभाग बायकांसाठी राखीव निघाला, म्हणून भाऊंच्या पत्नी उभ्या राहिल्या. मांडव पडला, जिलबीच्या कढया चढल्या. मालनबाई एकट्या जाईनात, म्हणून मी बरोबर गेले. व्यासपीठावर नाव पुकारून एकेकीला गडू देत होते. गडू हातात दिला की भाऊ वाकून तिच्या पाया पडत आणि कॅमेरा लखलखे.

मालनबाईंच्या हातात गडू आला. चिंधी होती. डाख नव्हता. त्यांनी तो हलवला, आत काही वाजलं नाही.

भाऊंच्या लक्षात आलं. ते ओशाळतील असं वाटलं होतं मला, पण नाही. हात जोडून, हसून म्हणाले, "मावशी, आमचे आप्पा गेले ना, तेव्हा ऐनवेळी कपाटात हाच गडू पुढं होता. तुमच्या पाण्यानं त्यांचं सोनं झालं. पुण्य तुम्हालाच." आणि पाया पडायला वाकले.

म्हणजे शास्त्र सांगून मालनबाईंना परत पाठवलं, त्या दिवशी त्यांचाच गडू केव्हाचा फोडलेला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पुढे होणार, तेवढ्यात मालनबाईंनी पाय मागे घेतले. आवाज चढवला नाही.

"माझ्या कशाला पडताय, भाऊ? काशी तुमच्या बापाची झाली. माझ्या माणसाची न्हाई झाली."

गडू त्यांनी टेबलावरच ठेवला. चिंधी तेवढी सोडून घेतली, कमरेला खोचली आणि मांडवाबाहेर पडल्या. मागे पुढचं नाव पुकारलं गेलं. भाऊंच्या पत्नी पुढे भरघोस मतांनी निवडून आल्या. मालनबाईंच्या पाया पडायचं माझं अजून राहिलंय. त्या पडू देत नाहीत. म्हणतात, यात्रा झालीच नाही.