गोड म्हणजे भिंत

कमलताईंना कुणी ‘किती गोड वाजवता हो’ म्हटलं, की त्या मारायला उठत. बोलायची पद्धत म्हणून म्हणत नाही, खरंच उठत. माझ्या डाव्या भुवईवरची खूण त्यांच्या स्टीलच्या पेल्याची आहे. नारायणगुड्यातल्या आमच्या संगीत मंडळाच्या खोलीत आमची पहिली भेट झाली. त्यांनी व्हायोलिनवर जरासा गज फिरवला, मी सवयीने ‘वा, गोड!’ म्हणालो आणि चहासकट पेला आला. वर त्याच म्हणाल्या, “बर्फ लावा शेठ, सुजंल.”

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आता आरशात ती खूण दिसली की राग येत नाही, बाईची फार आठवण येते. मी बेगम बाजारातला मसाल्याचा व्यापारी. दिवसभर मिरचीचा ठसका सोसायचा आणि त्यावर उतारा म्हणून संध्याकाळी गाणं ऐकायचं, एवढंच माझं संगीत. ते कानाला गोड लागत नसेल तर हवंय कशाला, असं माझं सरळ मत होतं आणि ते मी मंडळात छातीठोकपणे सांगत असे. ताई नामपल्लीला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. त्यांचं मत उलटं होतं.

व्हायोलिन त्या एका तेलुगू मास्तरांकडे शिकल्या. “पहिल्या दिवशी मी विचारलं, मास्तर, गोड वाजवू का? तर मास्तर भिंतीकडं बघायला लागले,” त्या सांगत. तेलुगूत ‘गोडा’ म्हणजे भिंत. आमच्या दुकानातले हमालसुद्धा गोड्या मसाल्याला भिंतीचा मसाला म्हणून हसतात. ताई मात्र हसत नसत. “बरोबरच आहे ते. गोड म्हणजे भिंतच. तिच्याआड लोक निवांत बसतात.” ‘तुमचं ऐकून कान दुखतात’ अशी तक्रार कुणी केली, तर उत्तर ठरलेलं, “सोनारानं टोचले की दुखत नाही म्हणतात. मी सोनार नाही.”

हे सगळं कुठून आलं, ते त्यांनीच एकदा सांगितलं. मराठवाड्यातल्या त्यांच्या गावी त्यांचा धाकटा भाऊ मिलिंद माउथ ऑर्गन वाजवायचा. एके दुपारी पारावर बसून वाजवला, एवढाच त्याचा गुन्हा. माणसं बौद्धवाड्यात आली आणि त्याला घरासमोर काठ्यांनी, चेनने मारून मारून संपवलं. आईने ताईंना आत ओढून दार लावलं होतं. त्यांनी काही पाहिलं नाही, सगळं ऐकलं. कोर्टात वकिलाने विचारलं, “ऐकलं म्हणता. पाहिलं का?” ताई म्हणाल्या, “नाही.” सगळे सुटले. मारणारे आमच्याच जातीचे, शेतकरी घरांतले होते. हे ताईंनी मला कधी ऐकवलं नाही, मीच सांगतो. “मिलिंद फार गोड वाजवायचा शेठ,” त्या एवढंच म्हणाल्या. “काय उपयोग झाला?”

त्या दुपारी जे ऐकलं, ते त्यांनी व्हायोलिनवर बसवलं होतं. कितीतरी वर्षं खपून, सूर न् सूर लिहून. ते माणसांसमोर एकदा शेवटपर्यंत वाजवायचं, एवढी एकच इच्छा होती. कोर्टाने जे ग्राह्य धरलं नाही, ते कुणीतरी ऐकून घ्यावं. मी मंडळाचा चिटणीस. मनाविरुद्ध, पण कार्यक्रम ठेवला.

ताईंनी गज उलटा धरला आणि लाकडाची बाजू तारांवर हाणायला सुरुवात केली. मध्येच बोटांच्या पेरांनी लाकडावर ठोसे. मग एक तार इतकी खरवडली की पुढच्या रांगेतल्या बाईंनी कान झाकले. थांबलं असं वाटावं, तोच पुन्हा. “नक्को भाऊ, बंद करा हे, डोकं फुटंल!” मागून कुणी ओरडलं. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती त्यांच्या खांद्याला लागली. एक तार तुटून गालावर बसली, रक्त आलं, तरी हात थांबेना. शेवटी मी पडदा ओढला आणि चहा तयार आहे असं जाहीर केलं. आयुष्यात मी याहून हलकट काम केलेलं नाही. पडद्यामागे ताईंनी माझी कॉलर धरली, मला खांबावर आपटलं आणि निघून गेल्या.

चार दिवसांनी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मंडळातल्यांनी तोडगा काढला होता आणि तो मलाही पटला होता. “ताई, पुन्हा ठेवू की कार्यक्रम,” मी म्हणालो. “पाच मिनिटांत बसवा आणि शेवटी छोटीशी भैरवी घ्या. थोडं कमी करता येईल ना?”

पेला येईल म्हणून मी मान बाजूला घेतली होती. पण त्या चिडल्या नाहीत.

“वीस मिनिटं चाललं होतं ते,” त्या हळू म्हणाल्या. “आईनं माझं तोंड दाबून धरलं होतं. मी आतल्या आत हेच म्हणत होते शेठ. कमी करा, थोडं कमी करा.”

मला बसायची जागाही दिसेना. त्यांनीच खुर्ची पुढे केली. गालावर पट्टी होती, तसंच व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि पहिल्यापासून वाजवलं. माझ्या कानात कळ मारत होती, दात आवळले जात होते. बाराव्या-तेराव्या मिनिटाला तर मी चक्क उठून दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. त्यांनी डोळे उघडले नाहीत. सगळं संपलं ते एकदम, भैरवीबिरवी काही नाही.

“कसं वाटलं?” त्यांनी विचारलं.

मला घाम फुटला होता. खोटं बोलवेना. “उठावंसं वाटत होतं ताई.”

“हौ. सगळेच उठतात. घरी जायला.”

“घरी नाही,” मी म्हणालो. “सोडवायला.”

ताईंनी गज मांडीवर ठेवला. मग त्यांचा चेहरा असा काही विस्कटला, की मला बघवेना.

“अख्ख्या गावातून कुणी आलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पहिले.”