चौदाशे ग्रॅम तूरडाळ

आमच्या आत्याला वजनात फसवू शकेल असा दुकानदार ग्वाल्हेरात अजून जन्माला यायचा आहे, आणि जे जन्माला आले आहेत ते सगळे तिच्या हाताखालून गेलेले आहेत. चौतीस वर्षं ती नापतौल खात्यात निरीक्षक होती. हजीऱ्यापासून बाड्यापर्यंत वाण्यांचे, सराफांचे आणि भाजीवाल्यांचे तराजू तपासत फिरणं हे तिचं काम. उंची चार फूट आठ इंच. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका धान्याच्या व्यापाऱ्याने "बेटी, पापा को भेजो" म्हणून तिला दारातून परत पाठवलं होतं म्हणतात. संध्याकाळी त्या व्यापाऱ्याची सात वजनं कचेरीत जप्त होऊन आली होती. खोटं वजन सापडलं की आत्या पर्समधून खडू काढायची, त्यावर एक फुली मारायची आणि ते बाजूला ठेवायची. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. दुकानदार हात जोडायचे, मुलींची लग्नं पुढे करायचे, एक-दोघे तर चक्क रडले. पण फुली मारताना तिने कधी कुणाची गय केली नाही. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी तिच्या पर्समध्ये खडूचा तुकडा आणि पन्नास ग्रॅमचं पितळी वजन असतंच. भाजीवाले तिला लांबून बघूनच काट्याजवळचा हात काढून खिशात घालतात.

अशा बाईचा भाचा असणं हे सुख नाही. माझ्या साखरपुड्याला पेढ्यांचे एकवीस डबे आले, तेव्हा हलवायाने पुठ्ठ्याच्या डब्यासकट वजन केलं असावं असा तिला संशय आला. झालं. सतरंजीवर स्वच्छ धोतर पसरून एकवीसही डबे रिकामे झाले. मुलीकडची मंडळी भिंतीला टेकून बसली होती. माझ्या मामाने एक पेढा उचलून तोंडात टाकला, तर "पंचवीस ग्रॅम धरते तुमचे" म्हणून तिने तो हिशेबात घेतला. हलवाई सायकल मारत कमी भरलेले पाऊण किलो पेढे घेऊन आला, तोवर मुहूर्त टळला होता. बायको अजून म्हणते, आमचं लग्न तोलूनमापून झालेलं आहे, म्हणून तक्रारीला जागा नाही.

निवृत्तीनंतर तरी शांतता मिळेल असं आम्हाला वाटलं होतं. पण तिने फंडाच्या पैशातून कॅमेरा घेतला आणि पक्ष्यांचे फोटो काढायला लागली. माणसांचे काढत नाही. माणसं फोटोपुरती हसतात, म्हणजे ते मापात धरता येत नाही, असं तिचं मत. आत्याने लग्न केलं नाही, दर्पण कॉलनीत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून ती एकटी राहते, आणि तिला स्कूटर येत नाही. त्यामुळे थंडीत दर रविवारी पहाटे धुक्यातून तिला तिघऱ्याच्या रस्त्याला नेणं माझ्याकडे आलं. तिथे आतल्या बाजूला एक तलाव आहे आणि त्याच्या काठी शेतात सारसाची एक जोडी येते. नऊ वर्षं आत्या त्याच जोडीचे फोटो काढते आहे. एकाने मान वाकवली की दुसरा वाकवतो, एक ओरडला की दुसऱ्याने साथ दिलीच पाहिजे. मी मात्र तिथे काहीही करायचं नाही. लाल स्वेटर घालायचा नाही, मोबाईल बघायचा नाही, खोकायचं नाही. एकदा शिंक आली तर घरी येईपर्यंत ती बोलली नाही, आणि दारात उतरल्यावर म्हणाली, "तू तिथे शिंकून राहिला होतास, आणि मी नऊ वर्षांपासून त्यांना सांगून राहिली आहे की आपण भली माणसं आहोत."

तिची जुनी लेन्स दोन किलोला थोडीशी कमी. कॅमेरा धरून अडीचच्या वर. ती वस्तू ही चार फूट आठ इंचांची बाई कोपर बरगडीत रोवून, श्वास रोखून डोळ्याला लावायची. मी हात लावायला गेलो तर चालायचं नाही. मी एकदा स्टँड आणून दिला, तो तिने लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवून दिला. "स्टँड लावून काढलेला फोटो म्हणजे पारड्याखाली बोट लावून केलेलं वजन," असं ती म्हणाली.

मागच्या थंडीत फोटो हलायला लागले. आधी तिने धुक्याला दोष दिला, मग कॅमेऱ्याच्या बॅटरीला, मग सारसांना. त्यांचं वय झालं आहे, ते स्थिर उभे राहत नाहीत, असं ती मला गंभीरपणे सांगत होती. पूर्ण थंडी गेली आणि जोडीचा एकही फोटो स्वच्छ आला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्या भिंतीवर नवा फोटो लागला नाही. डॉक्टरांनी खांदा पाहिला, मनगट पाहिलं आणि जड उचलायचं नाही असं बजावलं. तेव्हा मी सुचवलं की एखादी हलकी लेन्स घेऊ. यंदा तरी जोडीचा फोटो मिळाला पाहिजे, एवढंच तिला हवं होतं, आणि एवढंच मलाही. दोन दिवसांत उरकण्यासारखं काम होतं. ते चार महिने चाललं.

बाड्याजवळच्या कॅमेऱ्याच्या दुकानात आम्ही किती वेळा गेलो ते मी मोजणं सोडून दिलं. दुकानदार बिचारा सज्जन. त्याने तीन लेन्स काढून ठेवल्या. एक चौदाशे ग्रॅमची; धुक्यातही प्रकाश ओढून घेणारी, उत्तम. एक साडेनऊशेची, मधली. आणि एक साडेसहाशेची. इवलीशी, पण तिला ऊन लागतं, ढगाळ हवेत तिचा जीव जातो. आत्याने पिशवीतून स्वतःचा काटा काढला. लेन्स झाकणासकट तोलली, झाकण काढून तोलली, पुढचं नळकांडं लावून तोलली, आणि खोक्यावर छापलेल्या वजनात ते नळकांडं धरलेलं नाही हे शोधून काढलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपापलं काम विसरून बघत उभी होती. शेवटी दुधी तोलावा तशी लेन्स तोलली जाताना बघून दुकानदार हात जोडून म्हणाला, "माताजी, यह लेंस है, लौकी नहीं।" आत्या शांतपणे म्हणाली, "लौकी होती तो डंठल काटकर तौलती।" त्या दिवसापासून तो आम्हाला बघितलं की चहा सांगायचा आणि स्वतः मागच्या खोलीत जायचा.

दुकानात पाच मिनिटं धरून काही कळत नाही, रोज धरलं पाहिजे, असं तिने ठरवलं. लेन्स घरी नेऊन रोज धरायला दुकानदार देणार नाही, हे तिलाही मान्य होतं. मग तिने माझ्या जुन्या पँटचे पाय मागून नेले. त्यांच्या तीन लांबट पिशव्या शिवल्या आणि त्यांत डाळी भरल्या: चौदाशे ग्रॅम तूर, साडेनऊशे मूग, साडेसहाशे मसूर. दाणादाणा काढून, घालून, काटा नेमका त्या आकड्यावर येईपर्यंत. रोज सकाळी आठ वाजता ती गॅलरीत उभी राहून एकेक पिशवी कॅमेऱ्याच्या तोंडाला बांधायची, समोरच्या पाण्याच्या टाकीवरच्या पोपटांवर रोखायची आणि हात हलेपर्यंत आकडे मोजायची. समोरच्या बाईंनी मला रस्त्यात गाठून हळूच विचारलं, की आंटीजींची तब्येत ठीक आहे ना, त्या सकाळी पोपटांना पँट दाखवतात. काय सांगणार? लेन्स निवडून राहिल्या आहेत म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडेही तसंच पाहिलं.

आमच्या घरात तेव्हापासून लेन्सना डाळींचीच नावं पडली. मी मसूरच्या बाजूचा होतो, बायकोही मसूरच्या बाजूची, डॉक्टर तर होतेच. आत्या तूरवर अडून बसलेली. पहिल्या आठवड्यात तूरची पिशवी तिला तीस आकड्यांपलीकडे धरवेना, आणि मला वाटलं, सुटलो. पण पुढच्या आठवड्यात पन्नास झाले. मग सत्तर. दिवाळी झाल्यावर एके सकाळी तिने मला मुद्दाम बोलावून समोर उभं केलं आणि शंभर मोजून दाखवले. मान ताठ, हात स्थिर. "सवय असते, बघ," ती म्हणाली. "डॉक्टरांना काय कळतं आहे? तूरवालीच मागव." मी इतका कंटाळलो होतो की तिने खलबत्ता मागवायला सांगितला असता तरी मागवला असता. दुसऱ्या दिवशी दुकानात जातो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेलो तेव्हा ती आंघोळीला गेली होती. पिशव्या खुंटीवर टांगलेल्या, टेबलावर काटा. खरं सांगतो, माझ्या मनात वाईट विचार आला. चार महिने या बाईने माझा छळ मांडला आहे. जन्मात एकदा तरी तिच्या वजनात चूक सापडावी, दहा ग्रॅमची का असेना, आणि मी ती चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगावी. मी मसूर तोलली. साडेसहाशे. मूग, साडेनऊशे. तूरची पिशवी ठेवली आणि काट्याने आठशे दहा दाखवले.

काटा बिघडला असं मला वाटलं. तिची पर्स खुर्चीवर होती. त्यातलं पितळी वजन काढून काट्यावर ठेवलं. पन्नास, बरोबर पन्नास. मग मी ती पिशवी खिडकीशी नेऊन पाहिली. वरचं तोंड चार-पाच वेळा उसवून पुन्हा शिवलेलं होतं. प्रत्येक वेळी कापड थोडं आत दुमडून, बारीक, सरळ टाके घालून, पिशवी पूर्वीसारखीच टच्च दिसेल अशी. दर आठवड्याला तिने मूठ-दोन मुठी डाळ काढली होती, आणि दर आठवड्याला तिचे आकडे वाढत गेले होते. चूक पकडायची होती ना मला? सापडली. मला तिचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि मग राग कुठे गेला ते कळलं नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांची खोटी वजनं उचलून ठेवणारी ही बाई एकटी बसून, चष्मा लावून, स्वतःसाठी एक खोटं वजन शिवत होती.

मी पिशवी खुंटीला अडकवली. ती केस पुसत बाहेर आली तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

"मग, जाऊन राहिला आहेस ना दुकानात?"

"जातो. पण आत्या, तूरवाली त्याच्याकडची गेली. नवी यायला तीन महिने लागतील म्हणतो. तोवर थंडी संपेल."

मी खोटं बोललो की माझे कान लाल होतात, हे तिला मी पाच वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. दुकानदाराचा नंबरही तिच्याकडे होता. पण ती माझ्या कानांकडे बघत नव्हती. ती टेबलाकडे बघत होती. काट्यावर पितळी वजन तसंच राहिलं होतं, आणि काटा पन्नास दाखवत होता.

तिने ते वजन उचललं, पदराने पुसलं आणि पर्समध्ये ठेवलं. पर्सची चेन लावायला तिला जरा वेळ लागला.

"काटा बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

"बरोबर आहे, आत्या."

"मग मसूरच आण," ती म्हणाली, आणि देवाजवळ दिवा लावायला गेली.

मसूरवाली आली. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही तलावावर गेलो. धुकं असं की शेताचा बांधही दिसेना. या लेन्सला ऊन हवं, म्हणून बसून राहिलो. नऊ वाजले, दहा वाजले. आत्या घडीच्या स्टुलावर शाल गुंडाळून बसली होती. एरवी इतक्या वेळात तिने मला, हवामान खात्याला आणि लेन्स बनवणाऱ्यांना बोलून घेतलं असतं. ती काही बोलली नाही, आणि मला ते तिच्या बोलण्यापेक्षा जड गेलं. साडेअकराला ऊन आलं. जोडी पलीकडच्या हरभऱ्यात उभी होती. एकाने मान वाकवली, दुसऱ्याने वाकवली. आत्याने कॅमेरा उचलला, कोपर बरगडीत रोवलं. मी मनातल्या मनात आकडे मोजत होतो. खोकला आला होता तो गिळला. ती थांबली आणि पडद्यावर बघत बसली, मग मला दाखवलं. दोन्ही सारस, मानेवरची लाली, चोचीच्या टोकाचा पाण्याचा थेंबसुद्धा. सगळं स्वच्छ. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात तशी पद्धत नाही. "आला," ती म्हणाली. मग कॅमेरा गळ्यातून काढला आणि माझ्यासमोर धरला. "जरा घे. हात भरून आला आहे." नऊ वर्षांत पहिल्यांदा ती वस्तू माझ्या हातात आली. काहीच वजन नव्हतं तिला.

घरी पोहोचल्यावर तिने चहा टाकला. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. मूग आणि मसूर डब्यात परत गेल्या होत्या, त्यांच्या पिशव्या धुऊन घडी घालून ठेवल्या होत्या. तूरची पिशवी मात्र तशीच, तोंड शिवलेली, कोपऱ्यातल्या खिळ्याला वेगळी टांगली होती. तिच्यावर पांढऱ्या खडूने एक फुली होती, कापडावर नीट उमटावी म्हणून दोनदा गिरवलेली.

आत्याने कधी कुणाची गय केली नाही, हे मी लहानपणापासून अभिमानाने सांगत आलो आहे. या एका वेळी तिने ती केली असती तर मला फार बरं वाटलं असतं.